आठ सुवर्णपदकांचे ओझे

भारतीय पुरुष हॉकी संघाच्या नावावर ऑलिंपिकची आठ सुवर्णपदके आहेत. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही देशाकडे एवढी नाहीत. १९२८च्या ॲमस्टरडॅमपासून १९५६च्या मेलबर्नपर्यंत सलग सहा, त्यानंतर १९६४ची टोकियो आणि १९८०ची मॉस्को. हॉकीच्या चाहत्याची निराशा समजून घ्यायची तर या आकड्यापासूनच सुरुवात करावी लागते, कारण गेली पन्नास वर्षे संघाचा प्रत्येक पराभव याच मापाने मोजला गेला आहे. ज्या देशाने कधी सुवर्ण पाहिलेच नाही, तिथे सातवा क्रमांक हा फक्त सातवा क्रमांक असतो. भारतात त्याची लाज वाटते.

या अपेक्षेत खेळाच्या पलीकडचेही काही मिसळलेले आहे. १२ ऑगस्ट १९४८ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर भारताने अंतिम सामन्यात ब्रिटनला ४-० असे हरवले. देश स्वतंत्र होऊन तेव्हा वर्षही पूर्ण झाले नव्हते. ज्यांनी राज्य केले त्यांनाच त्यांच्या राजधानीत हरवून मिळवलेले ते सुवर्ण होते. त्या पिढीने हॉकीकडे स्वाभिमानाचा पुरावा म्हणून पाहिले आणि पुढच्या पिढ्यांना ती नजर वारशाने मिळाली. ध्यानचंद, बलबीरसिंग, लेस्ली क्लॉडियस यांच्या कथा घरोघरी सांगितल्या गेल्या. त्या कथा ऐकत वाढलेल्या चाहत्याला भारत हॉकीत जिंकणारच, हे गृहीत धरायची सवय लागली.

ही सवय मोडायला १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये सुरुवात झाली. वर्षभरापूर्वीच क्वालालंपूरला विश्वकरंडक जिंकलेला भारतीय संघ तिथे सातवा आला. ऑलिंपिकमधली हॉकी पहिल्यांदाच कृत्रिम हिरवळीवर, म्हणजे टर्फवर, खेळली गेली होती. हा बदल फक्त मैदानाच्या पृष्ठभागापुरता नव्हता. गवतावर चेंडू अडखळतो, उसळतो, त्याचा वेग कमी होतो, म्हणून तो स्टिकला चिकटवून ठेवणारी मनगटाची कला तिथे राज्य करते. भारत आणि पाकिस्तानचे खेळाडू त्या कलेत जगाच्या पुढे होते. टर्फवर चेंडू सरळ आणि सपाट धावतो. तिथे लांब पास, जोरदार फटका आणि सबंध सामना न थकता पळण्याची ताकद यांना मोल येते. नेदरलँड्स, जर्मनी, ऑस्ट्रेलिया यांनी क्लबांच्या पातळीवर टर्फ अंथरले. त्यांची मुले लहानपणापासून त्यावर खेळत मोठी झाली. भारतातला मुलगा मात्र गवतावर किंवा मातीच्या मैदानावर घडायचा, आणि टर्फची ओळख त्याला बऱ्याचदा वरच्या पातळीवर निवड झाल्यावरच व्हायची. मनगटात मुरलेल्या सवयी त्या वयात बदलणे फार कठीण असते. पुण्याजवळच्या खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मोडक्या स्टिका जोडून खेळायला शिकलेले धनराज पिल्ले याच पिढीचे होते.

पाठोपाठ नियमही बदलत गेले. १९९०च्या दशकात खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करण्याची मुभा आली आणि ऑफसाइड रद्द झाला. सबंध सामना दमदार वेगाने खेळणे युरोपीय संघांना त्यामुळे आणखी सोपे झाले. पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढत भिरकावणारा ड्रॅग-फ्लिकर हा संघातला सर्वांत मोलाचा माणूस ठरला. भारताला असे खेळाडू उशिरा मिळाले आणि दुर्दैवानेही पाठ सोडली नाही. जुगराजसिंग २००३ साली मोटार अपघातात गंभीर जखमी झाले. २००६ साली विश्वकरंडकासाठी निघालेल्या संदीपसिंग यांना रेल्वेत चुकून सुटलेली गोळी लागली. संदीप जिद्दीने परतले, जुगराज यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द मात्र तिथेच थांबली.

टर्फने घडवलेला बदल चाहत्यांना सुरुवातीला दिसला नाही, आणि त्याला एक कारण होते. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताने अंतिम सामन्यात स्पेनला ४-३ असे हरवून आठवे सुवर्ण मिळवले. बहिष्कारामुळे त्या स्पर्धेत सहाच संघ होते. पाकिस्तान, पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया यांपैकी कोणीच आले नव्हते. त्या खेळाडूंच्या मेहनतीला यामुळे उणेपणा येत नाही, पण माँट्रियलने दिलेला इशारा त्या सुवर्णाने झाकला गेला. जुने दिवस परतले, अशी देशाची समजूत झाली.

दोनच वर्षांनी, १ डिसेंबर १९८२ रोजी, ही समजूत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोडली. दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धेतला अंतिम सामना, समोर पाकिस्तान, प्रेक्षागृहात पंतप्रधान इंदिरा गांधी आणि घराघरांत नुकतेच आलेले रंगीत दूरदर्शन. पहिला गोल भारताने केला. त्यानंतर पाकिस्तानने सात केले. मागे पडलेला संघ गोल फेडायला पुढे धावत राहिला आणि मागची बचावफळी उघडी पडत गेली. एकट्या गोलरक्षकासमोर मोकळे आघाडीवीर येत राहिले.

तो गोलरक्षक म्हणजे मीररंजन नेगी. सामन्यानंतर सगळा राग त्यांच्यावर कोसळला. पाकिस्तानकडून पैसे घेतल्याची आवई उठली, ‘मीर’ या नावावरून धर्माविषयी तर्क लढवले गेले. आरोप कधीच सिद्ध झाला नाही, पण नेगी यांची भारतासाठी खेळण्याची वाट बंद झाली. सात गोलांचा पराभव अकरा जणांचा असतो, त्याहून अधिक तो संघ घडवणाऱ्या व्यवस्थेचा असतो, हे त्या दिवशी कोणी बोलून दाखवले नाही. भारतीय हॉकीच्या इतिहासात चाहत्यांकडून एका खेळाडूवर झालेला हा सर्वांत मोठा अन्याय म्हणावा लागेल. १९९८ साली बँकॉकला भारताने बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकले, तेव्हा गोलरक्षकांना शिकवण्याची जबाबदारी याच नेगींकडे होती. २००७च्या ‘चक दे! इंडिया’ या चित्रपटासाठी त्यांनी कलाकारांना हॉकी शिकवली.

१९८२नंतरची घसरण दीर्घ होती. १९८६च्या लंडन विश्वकरंडकात भारत बारा संघांत बारावा आला. ऑलिंपिकमध्ये पाचवा, सहावा, सातवा, आठवा असे क्रमांक येत राहिले. याच काळात भारताने क्रिकेटचा १९८३चा विश्वकरंडक जिंकला आणि प्रायोजक, दूरचित्रवाणी, शाळकरी मुले सगळी तिकडे वळली. हॉकीकडे उरला तो निष्ठावान पण दुखावलेला चाहता. चार वर्षे सामन्यांकडे फारसे लक्ष नसलेला प्रेक्षक ऑलिंपिक आले की त्याच्या जोडीला येऊन बसायचा, आणि दोघांची मागणी एकच असायची: पदक. दरम्यानच्या काळात खेळाडूला सराव काय मिळाला, किती परदेशी सामने मिळाले, याची चौकशी क्वचितच व्हायची.

या काळातल्या निराशेला एक विशिष्ट रूप होते: शेवटच्या मिनिटांत हातातून निसटलेला सामना. सिडनी ऑलिंपिक, २०००. पोलंडला हरवले की उपांत्य फेरी नक्की, अशी स्थिती. भारत १-० असा पुढे, आणि सामना संपायला दोन मिनिटेही उरली नसताना पोलंडने बरोबरी साधली. संघ पुन्हा सातवा. असे गोल वारंवार बसू लागले तेव्हा चाहत्यांनी त्याला मनाचा कमकुवतपणा म्हटले. पण थकलेले पाय चुकीच्या जागी उभे राहतात आणि दमलेला बचावपटू चेंडू राखण्याऐवजी कसाही दूर मारतो. तो चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्याकडेच जातो. शारीरिक तयारी आणि आघाडी टिकवण्याचे डावपेच हे दोन्ही शिकवावे लागतात. त्यासाठी लागणारे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण भारतीय संघाला सातत्याने मिळाले ते पुढच्या दशकात.

खेळाडूंकडून अपेक्षा करणाऱ्यांनी खेळाडूंना काय दिले, हा प्रश्न तर याहून अवघड आहे. बँकॉकच्या सुवर्णानंतर कर्णधार धनराज पिल्ले यांच्यासह अनेक खेळाडूंना संघाबाहेर बसवण्यात आले. विश्रांती हे अधिकृत कारण होते. मानधनाची मागणी केल्याची ही शिक्षा, असे सर्वत्र बोलले गेले. बत्तीस वर्षांनी मिळालेल्या यशावर पुढची बांधणी करण्याची संधी अशी वाया गेली. चार ऑलिंपिक, चार विश्वकरंडक आणि चार आशियाई स्पर्धा खेळलेल्या धनराज यांना ऑलिंपिक पदक अखेरपर्यंत मिळाले नाही. चाहत्यांनी त्यांच्यावर जीव टाकला, आणि प्रत्येक स्पर्धेत एकट्याने संघ तारून न्यावा ही अपेक्षाही त्यांच्यावरच लादली.

जानेवारी २०१०मध्ये पुण्यात बालेवाडीला विश्वकरंडकाचे सराव शिबिर सुरू असताना थकलेल्या रकमांसाठी खेळाडूंनी सराव थांबवला. मायदेशी होणारी स्पर्धा काही आठवड्यांवर आली होती. देशासाठी खेळणाऱ्यांनी पैशांची भाषा करावी का, असा सूर काहींनी लावला. तोच सूर लावणारे क्रिकेटपटूंच्या करारांबद्दल मात्र अवाक्षर काढत नव्हते. पण त्या वेळी बहुसंख्य लोकांची सहानुभूती खेळाडूंच्या बाजूने वळली आणि काही दिवसांत तोडगा निघाला. चाहत्यांचा दबाव योग्य दिशेने लागला की काय होते, त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

त्याआधी दोन वर्षे तळ गाठला गेला होता. ९ मार्च २००८ रोजी चिलीतल्या सांतियागो इथे पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्रिटनने भारताला २-० असे हरवले. १९२८नंतर प्रथमच भारतीय पुरुष हॉकी संघाविना ऑलिंपिक होणार होते. संघाचे मुंबईकर प्रशिक्षक जोकिम कार्व्हालो यांनी राजीनामा दिला. पाठोपाठ संघनिवडीसाठी लाच घेतल्याचा आरोप भारतीय हॉकी महासंघाच्या सचिवांवर झाला आणि एप्रिलमध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघच निलंबित केला. राग पहिल्यांदाच खेळाडूंना ओलांडून कारभाऱ्यांपर्यंत पोहोचला. तरी प्रवास सरळ झाला नाही. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने ८-० असा धुव्वा उडवला. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सगळे सामने हरून भारत बारावा, म्हणजे शेवटचा आला.

पराभवानंतर प्रशिक्षक बदलणे हा ठरलेला उपाय होता. ब्रासा, नॉब्स, वॉल्श, व्हॅन आस, ऑल्टमन्स, मरिन्ये, हरेंद्रसिंग, रीड अशी मुख्य प्रशिक्षकांची रांग २००९ ते २०२३ या काळात लागली. व्हॅन आस तर काही महिनेच टिकले. प्रत्येकाची पद्धत निराळी, त्यामुळे खेळाडूंना पुन्हापुन्हा नव्याने शिकावे लागले. तरीही या काळात तंदुरुस्ती सुधारली, परदेशी सामने वाढले, आणि २०१८पासून ओडिशा सरकारच्या प्रायोजकत्वामुळे पैशांची चिंता मिटली. टोकियोत ५ ऑगस्ट २०२१ रोजी जर्मनीला ५-४ असे हरवून ४१ वर्षांनी मिळालेले कांस्य हे या सगळ्याचे फळ होते. त्याच स्पर्धेत साखळी सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारताला ७-१ असे हरवले होते. १९८२चा आकडा पुन्हा अंगावर आला, पण या वेळी संघ कोलमडला नाही.

टोकियोतच चाहत्यांच्या रागाची काळी बाजूही दिसली. महिला संघाने पहिल्यांदा ऑलिंपिकची उपांत्य फेरी गाठली होती. तिथे अर्जेंटिनाकडून हरल्यावर हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात वंदना कटारिया यांच्या घरासमोर फटाके वाजवून जातिवाचक शिवीगाळ झाल्याची तक्रार पोलिसांत नोंदली गेली. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला हॉकीपटू, हा मान वंदना यांनी त्याच स्पर्धेत मिळवला होता. पराभवाचा राग समाजात आधीपासून असलेल्या द्वेषाला तोंड फोडतो, हे नेगींच्या वेळी दिसले होते, तेच इथे दिसले. याला चाहत्यांची निराशा म्हणून माफ करता येत नाही.

अपेक्षेचा भार खेळावर कसा परिणाम करतो, हे जानेवारी २०२३च्या विश्वकरंडकात पाहायला मिळाले. स्पर्धा ओडिशात, मैदाने भरलेली, कर्णधार हरमनप्रीतसिंग जगातल्या उत्तम ड्रॅग-फ्लिकरांपैकी एक. पण पेनल्टी कॉर्नर वाया जात राहिले. उपांत्यपूर्व फेरीच्या उंबरठ्यावर न्यूझीलंडविरुद्ध ३-१ अशी आघाडी निसटली आणि शूटआउटमध्ये भारत बाहेर पडला. अखेरचा क्रमांक नववा. ग्रॅहम रीड पायउतार झाले. नवे प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांच्याबरोबर संघाने मानसिक तयारीसाठी पॅडी अप्टन यांना आणले. २०११चा विश्वकरंडक जिंकणाऱ्या भारतीय क्रिकेट संघाबरोबर त्यांनी काम केले होते. दीड वर्षाने पॅरिसमध्ये त्याच हरमनप्रीतने दहा गोल केले, ऑलिंपिकमध्ये १९७२नंतर प्रथमच ऑस्ट्रेलियाला हरवले गेले आणि अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनी ब्रिटनला रोखून धरले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पेनला २-१ असे हरवून भारताने सलग दुसरे कांस्य घेतले.

त्यानंतर जून २०२५मध्ये प्रो लीगच्या युरोप दौऱ्यात लागोपाठ सात सामने हरल्यावर जुनी कुरकुर पुन्हा सुरू झाली. त्यातले बरेच सामने एका गोलाच्या फरकाने गेले होते. सप्टेंबरमध्ये राजगीरला अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला ४-१ असे हरवून याच संघाने आशिया करंडक जिंकला आणि २०२६च्या विश्वकरंडकातली जागा पक्की केली. युरोपातल्या अव्वल चार-पाच संघांशी बरोबरीची झुंज आणि आशियात वर्चस्व, ही भारताची आजची खरी जागा आहे. पेनल्टी कॉर्नरवरचे गोल, शेवटच्या दहा मिनिटांतला बचाव, गोलरक्षक श्रीजेशच्या निवृत्तीनंतर त्याची जागा घेणारा खेळाडू आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या टर्फांची संख्या, यांवरून ती जागा वर जाते की खाली येते ते ठरेल.