वर्तुळाचं अंडं का होतं?

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे निघालं, की या भागातली चित्रकला रस्त्यावरच भेटते. वाढदिवसांचे फ्लेक्स, यात्रेच्या कमानी, रसवंतीवर रंगवलेला बैल, ट्रॉलीमागची अक्षरं. हातानं रंगवलेलं काम कमी होतंय, कॉम्प्युटरवर केलेलं वाढतंय. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांच्या घरात म्हणूनच आता नवी मागणी आहे: चित्रं काढायला टॅबलेट घेऊन द्या. मागणी रास्त आहे. पण तिच्याभोवती जमलेल्या समजुतींमुळे चांगला हात असलेली पोरं पहिल्याच आठवड्यात पेन खाली ठेवतात आणि दोष स्वतःच्या हाताला देतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण दोष बहुतेक वेळा हातात नसतोच.

सगळ्यांत आधी ऐकू येतं ते, ‘आयपॅड घ्यायची ऐपत नाही, मग कशाला?’ आयपॅड उत्तम आहे, पण सुरुवातीची ती अट नाही. स्क्रीन नसलेली, पाटीसारखी काळी पॅड मिळते. ती यूएसबी वायरनं कॉम्प्युटरला जोडायची, पॅडवर पेन फिरवायचं आणि चित्र समोरच्या स्क्रीनवर पाहायचं. वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन अशा कंपन्यांच्या लहान पॅड साधारण तीन ते पाच हजारांत येतात. घरात कॉम्प्युटर नसेल, तर यांतल्या बऱ्याच पॅड ओटीजी जोडणीनं अँड्रॉइड मोबाइललाही चालतात. घेण्याआधी तेवढं विचारून घ्या. फोन उभा धरला, तर अनेकदा पॅडचा थोडाच भाग काम करतो, हेही माहीत असू द्या. फसवणूक होते ती रबरी टोकाच्या स्वस्त पेनाशी. ते स्क्रीनच्या लेखी फक्त बोट असतं. जोर दिला तरी रेष जाड होत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. मुलगा पॅडवर गोल काढतो आणि स्क्रीनवर आडवं अंडं उमटतं. पुन्हा काढतो, पुन्हा अंडं. ‘मला जमत नाही’ हे वाक्य इथेच जन्माला येतं. कारण साधं गणिताचं आहे. समजा पॅडची जागा ६ बाय ४ इंच आहे आणि स्क्रीन १९२० बाय १०८० पिक्सेलची. आडव्या ६ इंचांवर १९२० पिक्सेल बसतात, म्हणजे इंचाला ३२०. उभ्या ४ इंचांवर १०८०, म्हणजे इंचाला २७०. हातानं एक इंचाचं अगदी नेटकं वर्तुळ काढलं, तरी स्क्रीनवर ते ३२० रुंद आणि २७० उंच होणारच. हात बरोबर, पॅड आणि स्क्रीनची प्रमाणं वेगळी.

उपाय पॅडच्या सेटिंगमध्ये असतो. त्याला बहुधा ‘फोर्स प्रपोर्शन्स’ किंवा त्यासारखं नाव असतं. तो निवडला, की पॅडची थोडी जागा बाद होते. वरच्या उदाहरणात ४ इंचांपैकी सुमारे ३.४ इंच वापरात राहतात आणि गोल गोलच येतो. खात्री करायला घरातली बांगडी पुरते. बांगडी पॅडवर ठेवा, आतल्या कडेनं पेन फिरवा, स्क्रीन बघा. अंडं दिसलं तर सेटिंग चुकलंय. शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवशी एवढं केलं तरी किती मुलं टिकतील!

त्यानंतरही काही दिवस अवघडल्यासारखं होतं, कारण हात खाली आणि नजर वर. पण माउस हलवताना आपण हेच करतो, तेव्हा मेंदूला ते अगदीच परकं नाही. रोज अर्धा तास, दोन-तीन आठवडे नुसत्या रेषा आणि गोल काढले, की हाताकडे बघायची ओढ सुटते. रेष मनगटातून न ओढता कोपरातून ओढावी, म्हणजे थरथर कमी होते. पॅड स्क्रीनच्या समोर सरळ ठेवा. वहीसारखी तिरकी ठेवली, तर स्क्रीनवरची रेषही तिरकी पडते.

दुकानात ‘८१९२ लेव्हल’ हा आकडा मोठ्यानं सांगतात. पेनाचा दाब किती पायऱ्यांमध्ये मोजला जातो, त्याची ती संख्या. २०४८ आणि ८१९२ यांतला फरक नवशिक्याला रेषेत दिसत नाही. अगदी हलका स्पर्श पेनाला कळतो का, हे बघणं जास्त कामाचं. बऱ्याच पॅडच्या पेनात बॅटरीही नसते: पॅडखालच्या तारांच्या जाळीतून येणाऱ्या चुंबकीय लहरींवर पेनातली गुंडाळी चालते आणि तीच दाबाची खबर परत पाठवते. टोक मात्र झिजतं. सोबत आलेली जादा टोकं हरवू नका.

‘कॉम्प्युटर सगळं करतो, मग चित्रकला कशाला शिकायची?’ हे पालकांचं म्हणणं. कला संचालनालयाच्या रेखाकला परीक्षा कागदावरच होतात, हे एक. दुसरं, क्रिटासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये थरथर कमी करणारी सोय आहे, चूक मागे घेता येते; पण तांब्याची सावली कुठे पडते, हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. अक्षरांचंही तसंच. बोरूचं टोक तिरपं छाटलेलं असतं, म्हणून देवनागरी अक्षरात जाड-बारीक येतं. क्रिटात ब्रशचं टोक चपटं करून कोन पक्का ठेवला, की तशीच वळणं काढता येतात. ज्यानं बोरू धरलाय, त्याला तो कोन लगेच समजतो.

छपाईबाबतची समजूत सगळ्यांत महागात पडते: स्क्रीनवर सुंदर दिसलं म्हणजे फ्लेक्सवरही तसंच येणार. रंगीत ठिपक्यांच्या चित्राला जेवढे पिक्सेल, तेवढाच त्याचा जीव. ए-फोर कागदावर ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. दहा फुटी फ्लेक्स दुरून बघतात, म्हणून ७२ डीपीआयवर भागू शकतं. तरी रुंदीला ८६४० पिक्सेल होतात. तेव्हा कागदाचा आकार चित्र सुरू करतानाच ठरवा. स्क्रीनवरचा झगझगीत निळा-हिरवा शाईत मंदावतो, म्हणून आधी छोटा नमुना छापून घ्या. आणि फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबून लहान केला जातो. मराठी मजकूर असेल, तर अक्षरांचं रूपांतर आकारात करून द्या, नाहीतर तो फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला की वेलांट्या भलतीकडेच जातात. लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून ऑटोसेव्ह चालू ठेवा.

काय काढायचं? नेटवरचे डोळे आणि ड्रॅगन गिरवण्यापेक्षा घराजवळचं काढा. मोराची चिंचोली जवळ आहे, पण मोरानं सुरुवात करू नका. त्याच्या मानेचे रंग भल्याभल्यांना दमवतात. दौंड तालुक्यातलं एखादं गुऱ्हाळ बघा: पेटलेलं चुलवाण, वर काहिल, वाफेत अर्धा बुडालेला माणूस. एवढं सगळं काळा, पांढरा आणि एक करडा अशा तीनच छटांत बसवा. दौंड जंक्शनच्या पादचारी पुलावरून रूळ पाहिले, तर ते लांब एका बिंदूत मिळताना दिसतात; यथार्थदर्शनाचा याहून सोपा धडा पुस्तकात नाही. आधी वहीत पेन्सिलनं टिपून आणा, वहीचा फोटो पॅडवरच्या चित्रात खालच्या लेयरला ठेवा आणि वरच्या लेयरवर पहिली रेष ओढा.