वाटाड्या : पुस्तकातला आणि पारावरचा

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला, की मध्यमवर्गीय घरात एक नवे प्रकरण उपस्थित होते. 'यंदा कुठे जायचे?' आजींना देव हवा असतो, मुलांना समुद्र हवा असतो, गृहिणीला चार दिवस पोळपाट-लाटणे दिसायला नको असते, आणि गृहस्थाला हे सगळे बोनसमध्ये बसवायचे असते. या चौघांची दिलजमाई करण्याचे काम पूर्वी एखादा अनुभवी शेजारी करी. पुढे ते काम पुस्तकाकडे आले आणि आता ते खिशातल्या फोनकडे आले आहे. पण माध्यम बदलले तरी प्रश्न जुनाच आहे. परक्या गावी जाताना विश्वास ठेवायचा तरी कोणावर?

माणसांप्रमाणे वाटाड्या पुस्तकांनाही स्वभाव असतात. कोणी हिशेबी, कोणी बोलघेवडा, कोणी साहेबी, तर कोणी भाविक. ज्याच्या हाती आपण आपली रजा आणि आपले पैसे सोपवणार, त्याचा स्वभाव आधी पारखून घेतलेला बरा.

देवाची पावले शोधणारा

वाटाड्या पुस्तके ही साहेबाची देणगी, असा आपला एक समज आहे. मराठीच्या अभ्यासकाला तो मान्य करता येत नाही. महानुभाव पंथाची 'स्थानपोथी' हा ग्रंथ चौदाव्या शतकातला. श्रीचक्रधरस्वामी महाराष्ट्रात जिथे जिथे राहिले, बसले, जेवले, त्या स्थानांची ती नोंदवही आहे. अमुक गावाच्या अमुक दिशेला देऊळ, त्याचे दार कोणत्या बाजूस, आतल्या कोणत्या कोपऱ्यात स्वामींचे आसन होते, अशी ती माहिती. अलंकार नाहीत, उपमा नाहीत. मागून येणाऱ्या भक्ताने जागा चुकू नये, एवढाच हेतू. डॉ. वि. भि. कोलते यांनी या पोथीचे संपादन केले, म्हणून आज ती आपल्याला सहज वाचता येते.

या पोथीशेजारी एखादे क्षेत्रमाहात्म्य ठेवून पाहावे. माहात्म्य सांगते की इथल्या स्नानाने सात जन्मांची पापे जातात. घाटाच्या पायऱ्या निसरड्या आहेत, हे मात्र ते सांगत नाही. माहात्म्य आपल्याला निघायला लावते आणि पोथी आपल्याला पोचवते. पुढच्या सगळ्या वाटाड्या पुस्तकांत हेच दोन पंथ दिसतात. रंगीत छायाचित्रांची गुळगुळीत पुस्तिका म्हणजे आधुनिक माहात्म्यच की!

लाल बांधणीचे साहेब

युरोपात हा धंदा भरभराटीला आणला तो दोघांनी. लंडनच्या जॉन मरे यांच्या प्रकाशनगृहाचे पहिले हातपुस्तक 1836 साली निघाले. जर्मनीत कार्ल बेडेकर यांनी तोच मार्ग धरला आणि तो इतका चोख केला, की 'बेडेकर' हे आडनाव वाटाड्या पुस्तकाला पर्यायशब्द होऊन बसले. (आपल्या मसालेवाल्या बेडेकरांशी त्यांचा संबंध नाही, हे विद्यार्थ्यांना मला दर वर्षी सांगावे लागते.) मिलानच्या कॅथेड्रलच्या पायऱ्या मोजताना कार्लसाहेब दर वीस पायऱ्यांना एक वाटाणा एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकीत, अशी गोष्ट सांगतात. प्रेक्षणीय स्थळांना तारे लावण्याची त्यांची पद्धत आजही जगभर चालते.

त्या ताऱ्यांना एकदा भलतेच वळण लागले. 1942 साली जर्मन विमानांनी एक्झेटर, बाथ, नॉरिच, यॉर्क, कँटरबरी या जुन्या इंग्लिश नगरांवर बाँब टाकले. बेडेकरने तारे दिलेल्या इमारती आम्ही उडवू, अशी भाषा जर्मनीच्या परराष्ट्र खात्यातील एकाने केली होती. त्या हल्ल्यांना इतिहासात 'बेडेकर हल्ले' असेच नाव पडले. प्रवाशाला वाट दाखवणारे पुस्तक वैऱ्यालाही वाट दाखवू शकते, हे जगाला तेव्हा कळले.

मरे यांचे मुंबई इलाख्याचे हातपुस्तक 1859 सालचे. एडवर्ड ईस्टविक यांनी ते लिहिले. पुढे हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन मिळून एकच जाडजूड ग्रंथ झाला आणि त्याच्या आवृत्त्या स्वातंत्र्यानंतरही निघत राहिल्या. माहिती भरपूर आणि शिस्त कडक; पण वाचक कोण, हे पानोपानी कळते. वाचक म्हणजे साहेब.

आमच्या सावंतवाडीचा सविस्तर छापील परिचय मात्र वेगळ्याच ग्रंथात सापडतो. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, 'रत्नागिरी आणि सावंतवाडी', 1880 साली निघाला. नद्या, खाड्या, बंदरे, पिके, जातीपाती, व्यापार, किल्ले, सगळे त्यात आले आहे. ते पुस्तक प्रवाशासाठी नव्हते, कारभाऱ्यासाठी होते. गाव कसे पाहावे हे त्यात नाही. गाव कसे चालवावे याची ती तयारी आहे. तरीही आजचा प्रत्येक दुर्गप्रेमी या ना त्या मार्गाने त्याचेच ऋण घेतो. आपल्याकडे चिं. गं. गोगटे यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी 'महाराष्ट्र देशातील किल्ले' लिहिले. अलीकडच्या काळात प्र. के. घाणेकर आणि 'डोंगरयात्रा'कार आनंद पाळंदे यांनी सह्याद्रीच्या वाटा मराठी माणसाला मोकळ्या करून दिल्या. पाळंद्यांच्या पुस्तकाकडे मी स्थानपोथीचा वंशज म्हणून पाहतो. वाट चुकू नये, बाकी तुमचे तुम्ही पाहा!

स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा

1973 साली टोनी आणि मॉरीन व्हीलर या तरुण जोडप्याने लंडनहून ऑस्ट्रेलियापर्यंत खुष्कीच्या मार्गाने केलेल्या भटकंतीवर एक चोपडे लिहिले. सिडनीतल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याची पाने हातांनी जुळवली. 'लोन्ली प्लॅनेट' या छापाचा जन्म तो असा. 1981 साली त्यांचे भारतावरचे पुस्तक आले. त्यातला प्रवासी साहेब नव्हता. पाठीवर बोचके मारून एस.टी.च्या मागच्या सीटवर बसणारा होता. स्वस्त खोली कुठे मिळेल, बस किती वाजता सुटते, रिक्षावाला किती मागेल, हे त्याला हवे होते.

1982 साली मार्क एलिंगहॅम यांनी ग्रीसवरच्या पुस्तकाने 'रफ गाइड' सुरू केले. त्यांचा ओढा समाज, इतिहास आणि राजकारण यांच्याकडे अधिक. 1993 पासून 'आयविटनेस' मालिका आली. तिने इमारतींचे काप काढून आतले जिने आणि दालने चित्रांत दाखवली. थोडक्यात निवाडा द्यायचा तर असा : बस चुकू नये म्हणून लोन्ली प्लॅनेट, पाहिलेले कळावे म्हणून रफ गाइड, मुलांना दाखवायला आयविटनेस, आणि घरी परतल्यावर आरामखुर्चीत वाचायला जुना मरे.

काटेरी झाडाखाली

छापील पुस्तकाचा एक जन्मजात रोग आहे. ते छापून हाती येते त्या दिवशीच थोडे शिळे झालेले असते. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे नुकत्याच परतलेल्या माणसाला विचारणे. नैरोबीच्या एका हॉटेलाच्या अंगणात बाभळीच्या जातीचे एक काटेरी झाड होते. येणारे-जाणारे प्रवासी त्याच्यावर एकमेकांसाठी चिठ्ठ्या टोचून ठेवीत. 1996 साली लोन्ली प्लॅनेटने त्याच झाडाचे नाव घेऊन इंटरनेटवर प्रवाशांचा पार बांधला. 'अमुक घाट उघडा आहे काय?' असे एकाने विचारावे आणि कालच तिथून उतरलेल्याने उत्तर द्यावे. त्यात जाहिरात नव्हती आणि मोबदलाही नव्हता.

पुढे मालक बदलले. 2007 साली बी.बी.सी.च्या व्यापारी शाखेने ही कंपनी घेतली आणि 2013 साली मोठा तोटा सोसून विकली. 2020 साली त्या पारावर नवे लिहिणे थांबले आणि मग तो कायमचाच बंद झाला. चोवीस वर्षे हजारो लोकांनी फुकट दिलेले ज्ञान! पार लोकांनी गजबजवला होता, पण जागा लोकांची नव्हती. त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय आपल्या आजोबा-पणजोबांची नावे वहीतून काढून दाखवतात. ती जुनी बाडे अजून टिकली आहेत. ही कालची चर्चा मात्र टिकली नाही. वाचकहो, याचा विचार करण्यासारखा आहे.

आता त्या जागी पाच ताऱ्यांचा बाजार आहे. कोणीही यावे, तारे उधळावे. दोन तारे देणाऱ्याची तक्रार खोलीबद्दल आहे की पावसाबद्दल, हे आपण शोधत बसायचे.

आमच्या गावापुरते

ही सगळी चर्चा सावंतवाडीला लावून पाहू. जुने पुस्तक तुम्हाला 'रत्नागिरी जिल्हा' सांगेल. 1 मे 1981 पासून आम्ही सिंधुदुर्गात आहोत. जुन्या पुस्तकात रेल्वे नसेल. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण झाली. नव्या पुस्तकात 'सावंतवाडी रोड' असेल, पण ते स्टेशन मळगावला आहे, त्यातला 'रोड' हा शब्द फार महत्त्वाचा आहे, आणि रात्रीच्या गाडीने उतरणाऱ्या कुटुंबाने गावात यायची सोय आधी करून ठेवावी, हे त्यात सापडेलच असे नाही. मुंबई-गोवा महामार्गाचा 17 हा आकडा जाऊन 66 झाला. चिपीचा विमानतळ 2021 साली आणि शेजारी गोव्यातल्या मोपाचा 2023 च्या जानेवारीत वाहता झाला. इतकेच कशाला, आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात माशाची एक नवी जात असल्याचे शास्त्रज्ञांनी 2020 साली जगाला सांगितले आणि 2021 साली सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. निसर्गसुद्धा आवृत्ती बदलतो, मग पुस्तकांनी का बदलू नये?

मागे एकदा वर्गात मी मुलांना काम दिले. परक्या माणसासाठी सावंतवाडीवर एक पान लिहा. बहुतेकांनी मोती तलाव, राजवाडा, चितार आळीतली लाकडी खेळणी आणि गंजिफा लिहिले. त्यात चूक काहीच नव्हते, पण सगळी पाने सारखी झाली. एका मुलीचे पान निराळे होते. तिने लिहिले होते : लाकडी फळे घेताना ती हातात धरून पाहावी, पांगाऱ्याचे लाकूड हलके असते. दशावतारी गंजिफात दहा रंग आणि एकशेवीस पाने असतात. पाने गोल असतात आणि हाताने रंगवलेली असतात, म्हणून किमतीची घासाघीस करण्याआधी एक पान रंगवायला किती वेळ लागतो ते विचारावे. पावसाळ्यात मालवणच्या समुद्रात उतरू नये आणि 'काही होत नाही' म्हणणाऱ्याचे ऐकू नये. आणि शेवटी : रस्ता विचारल्यावर 'हयसरच आसा, दोन मिनटां चला' असे उत्तर आले, तर वीस मिनिटे धरून चालावे.

मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. तारे देण्याची सोय विद्यापीठात नाही.

आमच्याच गावच्या महाविद्यालयात शिकवणारे कवी कै. डॉ. वसंत सावंत यांनी 'प्रवासवर्णन : एक वाङ्मयप्रकार' हा ग्रंथ लिहिला, याचा सावंतवाडीकर म्हणून मला अभिमान आहे. प्रवासवर्णन आणि वाटाड्या पुस्तक यांतला भेद विद्यार्थ्यांना सांगताना मी एक साधी कसोटी वापरतो. प्रवासवर्णनात लेखक महत्त्वाचा. तो रमला की आपण रमतो. वाटाड्या पुस्तकात वाचक महत्त्वाचा. त्याचा पाय घसरता कामा नये. 'अपूर्वाई' वाचून लंडनमधली बस पकडायला जाऊ नये आणि वेळापत्रक वाचून डोळ्यांत पाणी येण्याची वाट पाहू नये.

पारख कशी करावी?

तेव्हा पुस्तक असो वा फोन, चार गोष्टी आधी पाहाव्या. एक, लिहिले केव्हा? सालाशिवाय माहिती म्हणजे तारखेशिवाय औषधाची बाटली. दोन, लिहिणारा तिथे गेला होता का? गेलेला माणूस चढ, ऊन, चिखल यांविषयी बोलतो. न गेलेला 'निसर्गरम्य' म्हणतो. तीन, त्याला पैसे कोण देतो? जो वाचकाकडून घेतो तो वाचकाचे ऐकतो. जो हॉटेलवाल्याकडून घेतो त्याचे काय सांगावे? चार, तो कुठे 'जाऊ नका' असे म्हणतो का? ज्या पुस्तकात एकही 'नको' नाही, त्यातल्या 'जा'लाही फारशी किंमत नसते.

पाचवी गोष्ट आम्हा गावकऱ्यांसाठी आहे. मुंबई आणि गोवा या दोन मोठ्या नावांच्या मधला हा पट्टा. 1997 साली सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केले गेले, पण प्रवाशाच्या मनात अजून आपण पुष्कळदा 'गोव्याला जाताना लागणारे' गाव आहोत. पुस्तकात नाव नसेल तर चितार आळीतल्या कारागिराचे गिऱ्हाईक पुढच्या बसने निघून जाते. एकाच धबधब्याचे नाव मोठ्या अक्षरांत छापले, तर पावसाळ्यातल्या रविवारी आंबोलीच्या घाटात गाड्यांची रांग लागते आणि गावच्या माणसालाच घरी पोचणे मुश्किल होते. न लिहिण्याने एकाचे नुकसान, वेडेवाकडे लिहिण्याने दुसऱ्याचे.

म्हणून वाटते, प्रत्येक गावाने आपली स्थानपोथी आपणच लिहावी. शाळेतल्या मास्तरांनी, एस.टी.च्या कंडक्टरने, चितार आळीतल्या कारागिराने, दशावतारात काम करणाऱ्याने एकेक पान द्यावे, आणि दर दिवाळीला ते तपासून नवे करावे. ती वही गावच्या वाचनालयात राहावी. मालक बदलला म्हणून ती कोणाला मिटवता येणार नाही. आणि या सुट्टीत तुम्ही जिथे जाल तिथून परतल्यावर, शेजाऱ्यांना फोटो दाखवण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहून ठेवा : काय बंद होते, काय महाग होते, आणि कोणी प्रेमाने पाणी दिले. पुढच्या वर्षी तिकडे निघणाऱ्या एखाद्या कुटुंबाला त्या तीन ओळींइतका भरवशाचा वाटाड्या शोधूनही सापडणार नाही.