चुन्याची निवळी (सागरी मत्स्यालय)

चुन्याची निवळी म्हणजे विरवलेल्या चुन्याचे, अर्थात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे, पाण्यातील संपृक्त व स्वच्छ द्रावण होय. घरगुती सागरी मत्स्यालयातील कठीण प्रवाळ, शिंपले आणि प्रवाळी शैवाल यांना कॅल्शियम पुरवण्याच्या स्वस्त पद्धतींपैकी ही एक आहे. १९७०च्या दशकात पीटर विल्केन्स यांच्या जर्मन लेखनामुळे ती रूढ झाली. म्हणून जगभरचे मत्स्यालयपालक तिला ‘काल्कवासर’ (चुन्याचे पाणी) या जर्मन नावानेच ओळखतात.

== कॅल्शियम आणि अल्कता ==
समुद्राच्या पाण्यात दर लीटरला सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात. त्यासाठी कॅल्शियमबरोबर बायकार्बोनेटही खर्च होते आणि पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल उदासीन करण्याची क्षमता, घटते. हा खर्च ठरावीक प्रमाणात होतो. अल्कता २.८ डीकेएचने उतरते, तेव्हा कॅल्शियम लीटरमागे फक्त २० मिलिग्रॅमने कमी झालेले असते. ४२० मधील २० ची घट घरगुती चाचणी संचावर जेमतेम कळते. ८ डीकेएचमधील २.८ ची घट मात्र लपत नाही. त्यामुळे मात्रा ठरवताना अल्कतेचे मापन अधिक भरवशाचे ठरते. केवळ कॅल्शियमचा आकडा पाहून पूरक द्रव्य घालत राहिल्यास दोहोंचा तोल बिघडतो. निवळीत हे दोन्ही घटक योग्य प्रमाणात असतात, हाच तिचा मोठा गुण आहे.

== कृती व मात्रा ==
एक लीटर आरओ पाण्यात सुमारे दोन ग्रॅम चुना ढवळून भांडे झाकून ठेवतात. सामान्य तापमानाला त्यातील दीड ग्रॅमहून थोडा अधिक चुना विरघळतो. काही तासांनी तळाशी साका बसतो. त्यात धातूंची बरीचशी अशुद्धीही उतरते, म्हणून फक्त वरचे स्वच्छ पाणी घेतात. चुना खाद्य वा प्रयोगशाळा प्रतीचा असावा. रंगकामाच्या किंवा पानाच्या चुन्याच्या शुद्धतेची खात्री नसते.

बाष्पीभवनाने जेवढे पाणी उडते तेवढीच निवळी घालता येते. १०० लीटरच्या टाकीतून दिवसाला एक लीटर पाणी उडत असल्यास तेवढ्या निवळीने कॅल्शियम लीटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम व अल्कता सुमारे १.१ डीकेएच वाढते. प्रवाळांची दाटी असलेल्या टाकीला हे पुरत नाही.

== धोके ==
निवळीचा सामू १२.४ च्या आसपास असतो. वरील एक लीटर निवळी एकदम ओतल्यास टाकीचा सामू अर्ध्या अंकाहून अधिक चढू शकतो, कॅल्शियम कार्बोनेटचा साका पडतो आणि जीव दगावतात. म्हणून ती थेंबाथेंबाने, शक्यतो रात्री सोडतात; प्रकाशसंश्लेषण थांबल्याने त्या वेळी सामू उतरलेला असतो. सामू ८.५ च्या वर जाऊ लागल्यास निवळी थांबवावी. स्वयंचलित झडप अडकून रात्रीत सगळी निवळी टाकीत रिकामी होणे हा खरा धोका आहे. साठवणीचे भांडे एका दिवसाच्या मात्रेएवढेच ठेवल्यास त्याची तीव्रता बरीच कमी होते, आणि या उपायाला खर्चही नाही.

चुना डोळ्यांत गेल्यास बुबुळ भाजते. चुन्याची पुडी फुटून मुलांच्या डोळ्यांना झालेल्या इजा भारतीय नेत्रतज्ज्ञांनी नोंदवल्या आहेत. भुकटी हाताळताना चष्मा व हातमोजे आवश्यक असून डोळ्यांत गेल्यास ते वाहत्या पाण्याने दीर्घकाळ धुऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

== पर्याय ==
जास्त खप असल्यास कॅल्शियम क्लोराइड व खाण्याचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे) यांची दोन स्वतंत्र द्रावणे वापरतात. १०० लीटर पाण्यात कॅल्शियम लीटरमागे २० मिलिग्रॅमने वाढवण्यास कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ७.३ ग्रॅम, तर त्याच्या जोडीची २.८ डीकेएच अल्कता वाढवण्यास सोडा ८.४ ग्रॅम लागतो. दोन्ही द्रावणे एकत्र केल्यास साका पडतो, म्हणून ती वेगवेगळ्या वेळी व जोराच्या प्रवाहात घालतात. या पद्धतीत मीठ शिल्लक राहून लवणता हळूहळू वाढते. ती अधूनमधून मोजावी लागते.

भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून संरक्षण आहे. ते समुद्रातून काढून टाकीत ठेवणे गुन्हा आहे.