पहिल्या दिवशी केनेडींनाही हल्लाच हवा होता

व्हाइट हाउसच्या कॅबिनेट रूममध्ये 1962च्या उन्हाळ्यात गुपचूप मायक्रोफोन बसवले गेले. ते सुरू करायचं बटण राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींच्या हाताशी होतं. टेबलाभोवती बसणाऱ्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर जाऊन परत आलं आणि त्या 13 दिवसांतल्या कितीतरी बैठका टेपवर उतरल्या. सत्ताधाऱ्यांचा संयम एरवी आपल्याला त्यांच्या आठवणींतून कळतो, म्हणजे नीट इस्त्री करून. इथे तो घडताना ऐकू येतो, चाचपडत, अडखळत, मध्येच रागावत. क्युबाचा पेच वर्गात शिकवण्याजोगा आहे तो यासाठी.

आणि पहिलाच दिवस थक्क करतो. यू-2 विमानाने 14 ऑक्टोबरला काढलेले फोटो केनेडींनी 16 तारखेच्या सकाळी पाहिले. क्युबात, अमेरिकेच्या दाराशी, सोव्हिएत क्षेपणास्त्रं उभी राहत होती. त्या दिवशीच्या टेपवर केनेडी स्वतःच ती विमानहल्ल्याने उडवायचीच असं बोलताना ऐकू येतात. पुढे संयमाचा आदर्श म्हणून ज्याचं नाव घेतलं गेलं, त्याचा पहिला कौल हल्ल्याला होता. दुपारपर्यंत निर्णय द्यायची सक्ती असती, तर बहुधा विमानं उडाली असती.

मग बदललं काय? मुख्यतः एवढंच, की वेळ मिळाला. तोही आपोआप नव्हे. फोटोंची बातमी जवळपास आठवडाभर दाबून ठेवली गेली आणि केनेडींनी ठरलेले कार्यक्रम ठरल्याप्रमाणे चालू ठेवले. 18 तारखेला सोव्हिएत परराष्ट्रमंत्री आंद्रेई ग्रोमिको भेटीला आले. समोर बसून त्यांनी सांगितलं, की क्युबाला दिलेली मदत केवळ बचावापुरती आहे. खोटं पाडणारे फोटो केनेडींच्या हाताशी होते. त्यांनी ते काढले नाहीत. तिथेच टेबलावर आपटले असते, तर क्षणभर समाधान मिळालं असतं. पण मॉस्को सावध झालं असतं आणि विचाराला राहिलेले दिवस हातचे गेले असते. दोन दिवसांनी निवडणूक प्रचाराचा दौरा अर्धवट टाकून शिकागोहून परतायची वेळ आली, तेव्हा पत्रकारांना कारण सांगितलं गेलं: सर्दी.

19 तारखेच्या बैठकीत सेनाप्रमुखांनी तात्काळ हल्ल्याचा आग्रह धरला. हवाई दलाचे कर्टिस लमे म्हणाले, नुसती नाकेबंदी म्हणजे 1938च्या म्युनिकइतकाच वाईट प्रकार. हा टोमणा वर्मी लागणारा होता. केनेडींचे वडील त्या काळात लंडनमध्ये राजदूत होते आणि हिटलरला गोंजारण्याच्या धोरणाचे पाठीराखे म्हणून बदनाम झाले होते. टेपवर केनेडी चिडून पलटवार करत नाहीत. क्युबावर बॉम्ब टाकले तर सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह बर्लिनमध्ये काय करेल, हा प्रश्न ते सोडत नाहीत.

शेवटी निवड झाली ती सागरी नाकेबंदीची. तिची खुबी अशी, की बॉम्ब टाकला की परत बोलावता येत नाही, पण जहाजाला दिलेला हुकूम तासातासाला बदलता येतो. 25 तारखेला ‘बुखारेस्ट’ हे तेलवाहू जहाज तपासणी न करता पुढे जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी पहिली झडती घेतली ती ‘मारुक्ला’ या जहाजाची. माल सोव्हिएत रशियाचा, पण झेंडा लेबनॉनचा. अडवणार हे दाखवून झालं आणि सोव्हिएत झेंड्याला हातही लागला नाही.

  

खरी कसोटी शनिवारी, 27 तारखेला लागली. क्युबावर यू-2 विमान पाडलं गेलं आणि वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन मारले गेले. असं झालं तर ते पाडणाऱ्या तळावर हल्ला करायचा, हे आधीच ठरलेलं होतं. केनेडींनी तो रोखून धरला. त्याच दिवशी समुद्राखाली अमेरिकी नौदल एका सोव्हिएत पाणबुडीला वर यायला भाग पाडत होतं. तिच्यात अण्वस्त्रधारी टॉर्पेडो आहे, हे अमेरिकनांना ठाऊकच नव्हतं. पाणबुडीवरचे अधिकारी वासिली आर्खिपोव्ह यांनी कॅप्टनला शांत केलं, असं नंतर सांगितलं गेलं. तिकडे मॉस्कोत, अमेरिका क्युबात घुसलीच तर अणुहल्ल्यात पुढाकार घ्या, असं सुचवणारं क्युबाचा नेता फिडेल कॅस्ट्रोचं पत्र पोचलं, आणि ख्रुश्चेव्ह यांनी ते मानलं नाही. म्हणजे संयम एका माणसाचा नव्हता, आणि नशिबाचा वाटाही त्यात मोठा होता.

रविवारी, 28 तारखेला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं मागे घ्यायचं जाहीर केलं. क्युबावर स्वारी करणार नाही, हे अमेरिकेचं उघड आश्वासन. छुपं आश्वासन आदल्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना दिलं होतं: तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घेऊ. 1963च्या एप्रिलपर्यंत ती हललीही.

पण हा सौदा लपवला गेला आणि धडा बिघडला. रॉबर्ट केनेडींच्या मृत्यूनंतर 1969 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातूनही सौद्याचा स्पष्ट उल्लेख वगळला होता. संपादन करणाऱ्या थिओडोर सोरेन्सेन यांनी तशी कबुली दिली ती 1989 साली. तोवर लोकांच्या डोक्यात एकच बसलं होतं: केनेडी ठाम राहिले, समोरचा नमला. देवाणघेवाण पुसली गेली, दरडावणी तेवढी उरली. पुढे व्हिएतनाममध्ये दबाव टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्यामागे हाच आत्मविश्वास होता, असं काही अभ्यासक मानतात.

म्हणून विद्यार्थ्यांना हा प्रसंग शेवटापासून शिकवू नये. त्यांच्या हाती फक्त 16 ऑक्टोबरला उपलब्ध असलेली माहिती द्यावी आणि मत मागावं. बहुतेकांचे हात हल्ल्याच्या बाजूने वर गेले, तरी शिक्षकाने नाराज होऊ नये. केनेडींचाही गेला होता. मतासोबत प्रत्येकाने दोन ओळी लिहाव्यात: मी काय गृहीत धरतोय, आणि तुटेपर्यंत न ताणता समोरच्याला परतायला कोणती वाट ठेवतोय? मग पुढच्या दिवसांची माहिती द्यावी, पुन्हा मत घ्यावं, आणि कोणाचं मत कशामुळे बदललं यावर बोलावं. संयम ही कोणाला जन्मजात लाभणारी देणगी नसून वेळ मिळवण्याची आणि वापरण्याची रीत आहे, हे सांगावं लागणार नाही.

सगळ्यात शेवटी त्यांच्यासमोर या पेचावर 1992 साली हवानात भरलेल्या परिषदेत उघड झालेली माहिती ठेवावी. क्युबात सुमारे 10 हजार सोव्हिएत सैनिक असतील, असा अमेरिकेचा त्या वेळचा अंदाज होता. प्रत्यक्षात 40 हजारांहून अधिक होते, आणि स्वारी करणाऱ्या फौजेवर डागता येतील अशी छोटी अण्वस्त्रंही तिथे होती. पेचाच्या वेळी संरक्षणमंत्री असलेल्या रॉबर्ट मॅक्नमारांना हे कळलं ते तीस वर्षांनी. हे ऐकल्यावर प्रत्येकाने आपली पहिल्या दिवसाची ‘मी काय गृहीत धरतोय’ ही ओळ पुन्हा वाचावी. गुण द्यायचेच तर त्या ओळीला द्यावेत.