गाडीचा एसी गार करत नाही? गॅस भरण्याआधी फ्यूज पाहा



एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर जिल्ह्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. वेळापूर, माळशिरस, अकलूज या पट्ट्यात आता वस्तीवस्तीवर चारचाकी दिसते. भर दुपारी म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं किंवा बाळंतिणीला माहेरी आणायचं, तर एसी ही चैन राहत नाही. नेमका त्याच वेळी एसी गरम हवा फेकायला लागतो. मग जो तो एकच सांगतो, "गॅस संपला असंल, भरून टाका." बिघाड विजेचा असेल तर गॅसचे पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो.

विहिरीवरची मोटार बंद पडली की विहीर आटली असं आपण लगेच म्हणत नाही. लाईट आहे का, फ्यूज गेला का, स्टार्टर उचलतो का, हे आधी बघतो. गाडीच्या एसीलाही हाच क्रम लावावा.

करंटची वाट

एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. पण पट्टा फिरला म्हणजे कॉम्प्रेसर फिरला असं नाही. दोघांच्या मध्ये मॅग्नेटिक क्लच असतो. त्याच्या कॉइलला १२ व्होल्ट मिळाले की लोहचुंबक तयार होतो, पुढची चकती 'टक्' करून पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. स्टार्टरमधली कॉइल जशी पट्टी ओढून धरते, तसंच हे. बॅटरीतून निघालेला करंट फ्यूज, रिले असा क्लचपर्यंत येतो. वाटेत प्रेशर स्विचचा पहारा असतो. नव्या गाड्यांत प्रेशर आणि थंडाव्याची माहिती घेऊन रिले ओढायचा की नाही, हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो.

तपासणीचा क्रम

१) आधी ऐका. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. एकाने आत बसून एसीचं बटण दाबावं, दुसऱ्याने बोनेटजवळ लांबूनच पाहावं. उपरणं, पदर, हात पट्ट्यापासून दूर ठेवावेत. रेडिएटरजवळचा पंखा आपोआप कधीही सुरू होतो. 'टक्' झालं, चकती फिरली, तरी हवा गरमच, तर गॅस किंवा धुळीने बुजलेला कंडेन्सर हे कारण असू शकतं. 'टक्' झालंच नाही, तर पुढची तपासणी करावी. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो. तिथे ही खूण चालत नाही.

२) फ्यूज. इंजिन बंद करून बोनेटखालची व डॅशबोर्डखालची पेटी पाहावी. झाकणावर नकाशा असतो. फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाकावा. लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा. नवाही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तिथे थांबावं.

३) रिले. त्याच पेटीत बहुधा हॉर्नचा रिले असतो. दोन्हींवरचा नंबर अगदी सारखा असेल तर अदलाबदल करून पाहावी. एसी चालू झाला तर रिलेच गेलेला आहे.

४) प्रेशर स्विच. गॅस फार कमी झाला किंवा दाब फार वाढला की हा करंट तोडतो. म्हणजे क्लच बंद असण्यामागे गॅसही असू शकतो. म्हणूनच गेज लावून दाब पाहिल्याशिवाय गॅस भरू नये. काही जण स्विचला तार लावून एसी 'डायरेक्ट' करतात, ते करू देऊ नये. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरतं. गॅस नसताना तो चालवणं म्हणजे पाण्याविना मोटार चालवण्यासारखं आहे. तो जाम होतो आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो.

५) क्लच व अर्थिंग. हे काम मल्टिमीटर असलेल्या वायरमनकडून करून घ्यावं. क्लचच्या प्लगवर बॅटरीइतके व्होल्ट येत असतील आणि अर्थिंग पक्कं असूनही क्लच ओढत नसेल, तर कॉइल तपासावी. चांगली कॉइल साधारण ३ ते ५ ओहम दाखवते. बॉडीला जोडलेली अर्थची तार गंजली तरी हाच त्रास होतो.

लक्षणांवरून ओळखा

रस्त्याला लागलं की गारवा आणि उभ्या गाडीत उकाडा, तर कंडेन्सरचा पंखा, त्याचा फ्यूज व रिले पाहावा. आतला ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर बहुधा त्याचा रेझिस्टर जळलेला असतो. हे काम किरकोळ आहे. सुरुवातीला चांगलं चालून इंजिन तापल्यावर क्लच सुटत असेल, तर चकतीतली फट वाढली असेल किंवा कॉइल अशक्त झाली असेल. उसाच्या फडाशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, हेही बघावं.

हे मात्र करू नका

किटकॅटमध्ये जाड तार घालायची आपल्याकडची सवय गाडीत आणू नका. फ्यूज उडायचा तो वायरिंग वाचवण्यासाठी. तो उडाला नाही तर वायर पेटते. पिवळ्या वेष्टणाच्या वायरी बहुधा एअरबॅगच्या, आणि इलेक्ट्रिक व हायब्रिड गाडीतल्या नारिंगी वायरी जबर व्होल्टेजच्या असतात. दोन्हींना हात लावू नये. गॅसचा पाइप घरी उघडू नये. डोळ्याला, कातडीला इजा होते. शिवाय आर-१३४ए हा वायू हवेत गेला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट उष्णता धरतो. त्याआधीचा आर-१२ ओझोनच्या थराला घातक ठरला, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो जगभर बंद करण्यात आला.

गॅरेजमध्ये विचारायचे तीन प्रश्न

क्लचला करंट येतो का? गेजवर दाब किती? गॅस कमी असेल तर गळती कुठे आहे? एसीतला गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठून तरी गेलेला असतो. गळती न शोधता भरलेला गॅस फुटक्या पाटात सोडलेल्या पाण्यासारखा वाया जातो. हे तीन प्रश्न कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवावेत, आणि उत्तरं मिळाल्यावरच पैशाच्या पाकिटाला हात घालावा.