आकृति पुढें कोण दुरुस्त करणार?

ज्या संगणक-प्रणालीची मूळ संहिता वाचावयास, बदलावयास व वांटावयास सर्वांस मोकळीक असते, तिला मुक्तस्रोत प्रणाली म्हणतात. ती एकाच्या हातची नसते. आज एक जण काम करतो, उद्यां दुसरा त्याच्या जागीं येतो. तिच्या माहितीपुस्तकांत कोणता भाग कोणत्या भागाशीं जोडला आहे हें दाखविणाऱ्या आकृत्या असतात. त्या काढण्यासाठीं साधन कोणतें निवडावें, हा आजचा विषय.

ज्याच्या हाताला जें साधन बसलें असेल तें त्यानें घ्यावें, असें कोणीहि म्हणेल. परंतु खरा प्रश्न आकृति कोण काढणार हा नसून, ती पुढें कोण दुरुस्त करणार हा आहे. मजकुरांतील चूक कोणालाहि सुधारतां येते. आकृतीचें मात्र नुसतें पीएनजी चित्र शिल्लक असेल, तर एक बाण वळविण्यासाठीं सारी आकृति नव्यानें काढावी लागते. हा खटाटोप सहसा कोणी करीत नाहीं. मग मजकूर एक सांगतो, आकृति दुसरेंच दाखविते, आणि नवखा वाचक आकृतीवर विश्वास ठेवून फसतो.

म्हणून पहिली कसोटी ही कीं, आकृतीची मूळ फाइल संहितेशेजारींच असावी व ती उघडणारें साधन सर्वांस विनामूल्य मिळावें. दुसरी कसोटी, केलेला बदल दिसावा. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं २००५ सालीं निर्माण केलेली गिट ही व्यवस्था मजकुराची कोणती ओळ बदलली तें दाखविते. पीएनजी चित्राविषयीं ती केवळ फाइल बदलली एवढेंच सांगते.

या कसोट्यांस उतरणारीं साधनें दोन प्रकारचीं आहेत. पहिल्या प्रकारांत आकृति लिहावयाची असते. दोन नांवें लिहून मध्यें बाणाची खूण टंकली, कीं चौकटी व रेषा साधन स्वतः मांडतें. ग्राफव्हिझ, प्लांटयूएमएल व मर्मेड हीं यांतलीं. मर्मेडची आकृति २०२२ पासून गिटहबवर परस्पर उमटते. यांत प्रत्येक बदल ओळींत दिसतो. उणीव इतकीच कीं, मांडणी फारशी आपल्या हातीं राहत नाहीं, व मोठ्या आकृतींत रेषांचा गुंता होतो.

दुसऱ्या प्रकारांत आकृति हातानें काढावयाची. इंकस्केप आपलें काम एसव्हीजी रूपांत ठेवतें. हें रूप २००१ सालीं प्रमाण ठरलें. तें कितीहि मोठें केलें तरी पुसट होत नाहीं. पण इंकस्केप हें मुख्यतः चित्रकाराचें साधन. ड्रॉ.आयओमध्यें चौकट हलविली कीं तिला जोडलेली रेषा मागोमाग येते. शिवाय निर्यात केलेल्या चित्राच्या पोटांतच मूळ आकृति ठेवण्याची सोय आहे, त्यामुळें दोहोंची ताटातूट होत नाहीं.

सारांश, वारंवार बदलणारे संबंध व क्रम लिहून काढावेत; जेथें जागेलाच अर्थ आहे, तेथें आकृति हातानें रेखावी. कोणतेंहि साधन घ्या, पण त्याचें नांव व मूळ फाइलीचें ठिकाण आकृतीखालीं एका ओळींत नोंदवा. मागून येणाऱ्या अपरिचित सहकाऱ्याला त्या एका ओळीचाच आधार असतो.