सलाईनचं चाक आपण फिरवायचं नाही



गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाईंना दवाखान्यात सलाईन लावलं होतं. शेवटची एसटी चुकेल म्हणून सोबतच्या नातेवाइकानं नळीवरचं चाक फिरवलं. बाटली भराभर संपली. थोड्या वेळानं आजींना धाप लागली, आडवं पडवेना. सिस्टर धावत आल्या म्हणून निभावलं. म्हणूनच आज आम्ही सलाईनबद्दल बोलणार आहोत.

‘अंगात ताकद नाही, एक सलाईन लावा’ असं आपण डॉक्टरांना सहज म्हणतो. पण त्या बाटलीत असतं काय? साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण पाच लहान चमचे. याहून जास्त ताकद एका भाकरीत आहे! सलाईन हे टॉनिक नाही. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी फार गेलं, पोटात काही टिकत नाही, मूल सुस्त पडलं, तर मात्र तेच जीव वाचवतं.

मग किती द्यायचं, हे कसं ठरतं? आधी वजन, नाडी, बीपी आणि श्वास बघतात. मोठ्या माणसाच्या नेहमीच्या नळीत साधारण २० थेंबांचं एक मिली होतं. अर्धा लिटर चार तासांत द्यायचं तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडायला हवेत. सिस्टर घड्याळाकडे बघत उभ्या असतात ना, तेव्हा त्या हेच मोजत असतात. लहान मुलांसाठी बारीक थेंबांची नळी असते, तिच्यात ६० थेंबांचं एक मिली. मोठ्या दवाखान्यात इन्फ्युजन पंप लावतात. तासाला किती मिली, तो आकडा घातला की यंत्र तेवढंच सोडतं आणि नळी अडली की वाजतं.

लघवीची पिशवीही असाच हिशोब सांगते. ५० किलोच्या बाईला तासाला निदान २५ मिली लघवी व्हायला हवी. कमी झाली तर पाणी कमी पडतंय किंवा किडनीवर ताण आहे, हे बघावं लागतं. काही ठिकाणी सोनोग्राफीनं हृदयाकडे जाणारी मोठी शीर भरलेली आहे की चपटी, हेही पाहतात. पण एकट्या यंत्रावर काही ठरत नाही, पेशंटला पुन्हा पुन्हा तपासावंच लागतं. पाणी जास्त झालं तर ते फुप्फुसात साठतं. हृदयाचा, किडनीचा आजार असलेल्यांना आणि बीपी वाढलेल्या गरोदर बाईला हा धोका जास्त.

मैत्रिणींनो, जुलाबात बहुतेक वेळा सुईची गरजच पडत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधल्या बनगावला सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा घातलेलं पाणी पाजायला लावलं. पाजायला होते घरचेच लोक. सुमारे ३० टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. तीच आपली जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस.

आशाताईंकडून मिळालेलं एक लिटरचं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण घाला. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्यानं पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा हळूहळू द्या. अंगावरचं दूध सुरूच ठेवा. झिंकच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे १४ दिवस द्या. डोळे खोल गेले, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी हळूहळू खाली बसली, मूल पीत नाही किंवा सुस्त झालं, तर लगेच दवाखाना गाठा. वाटेतही पिता येत असेल तर पाजत राहा.

आणि पेशंटजवळ बसलात तर चार गोष्टी लक्षात ठेवा: बाटली कधी लावली, लघवी किती वेळा झाली, सुईजवळ सूज आली का, धाप किंवा थंडी वाजते का. काही वेगळं दिसलं की सिस्टरांना हाक मारा. चाकाला मात्र हात लावू नका. एसटी उद्याही येते.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत जलसंजीवनी एकदा करून बघा. भेटूया पुढच्या वेळी!